आधी ताव, मग आराखडा : बेळगावच्या छोट्या डिझाइन स्टुडिओत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

बेळगावातला डिझाइन स्टुडिओ म्हणजे बहुधा टिळकवाडी, शहापूर किंवा अनगोळमधल्या एखाद्या जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, तीन-चार संगणक, एक प्रिंटर आणि कपाटात वर्षानुवर्षे साठलेले पत्रिकांचे व अहवालांचे नमुने. मोठ्या शहरातल्या संस्थांप्रमाणे येथे कामाची खाती पडलेली नसतात. जो ग्राहकाशी बोलतो तोच मांडणी करतो, तोच प्रूफ घेऊन छापखान्यात जातो आणि आषाढातल्या पावसात तयार गठ्ठा कोरडा पोहोचवण्याची जबाबदारीही त्याचीच असते. कला महाविद्यालयातून किंवा संगणकाच्या वर्गातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण-तरुणी अशा ठिकाणी येतात तेव्हा त्यांच्या हातात कसब असते. मात्र ते कसब रोज, वर्षभर आणि कागदाची, पैशांची व स्वतःची नासाडी न करता कसे वापरायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अशा स्टुडिओत काढलेल्या अठरा वर्षांच्या आधाराने मी हा लेख लिहीत आहे. कागद, वेळ आणि उमेद या तिन्ही गोष्टी वाया जाताना मी पाहिल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच होते : माप न घेता काम सुरू केले होते. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांमध्ये मापाचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

पहिली पायरी : छापखान्यात जाऊन ताव पाहावा

पहिल्या आठवड्यात संगणकावर नवे काम घेण्यापूर्वी स्टुडिओचे काम ज्या छापखान्यात जाते तेथे एक पूर्ण सकाळ घालवावी. यंत्र चालवणारे मामा, कटिंग करणारे काका आणि बाइंडिंग करणाऱ्या बायका यांना आपले नाव सांगावे, कारण पुढची अनेक वर्षे तुमच्या चुका सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येणार आहेत. तेथे पाहायची मुख्य वस्तू म्हणजे ताव, अर्थात गिरणीतून येणारा मूळ मोठा कागद. संगणकाच्या पडद्यावर पान कितीही लांबीरुंदीचे करता येते. ताव मात्र ठरावीक मापाचाच असतो, आणि आपले पान त्यात नीट बसले नाही तर उरलेली पट्टी कात्रण होऊन रद्दीत जाते.

एक हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहावा. आपल्याकडच्या पुस्तकांसाठी २३ बाय ३६ इंचांचा ताव नेहमी वापरला जातो आणि छोट्या ऑफसेट यंत्रावर तो निम्मा करून, म्हणजे १८ बाय २३ इंचांचा करून चढवतात. स्मरणिकेचे पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचे ठेवले तर या पूर्ण तावातून १६ पाने (पाठपोट ३२ पृष्ठे) निघतात आणि कडा छाटण्यापुरताच कागद जातो. तीच स्मरणिका ए-फाइव्ह मापात केली तर सगळी पाने एकाच दिशेने लावून एका तावातून १२ च पाने निघतात, कारण ए-फाइव्हची १४८ मिलिमीटर रुंदी २३ इंचांत चार वेळा बसत नाही; अगदी थोडक्यात, आठ मिलिमीटरने, चौथे पान हुकते. ६४ पृष्ठांच्या १००० प्रती काढायच्या असतील तर पहिल्या मापाला २००० ताव, म्हणजे ४ रीम (एका रिमात ५०० ताव) कागद लागतो. दुसऱ्या मापाला तो साधारण २६७० तावांवर जातो, म्हणजे पाच रिमांच्याही पुढे. यंत्र लावताना वाया जाणारे ताव दोन्हीकडे वेगळेच. वाचणाऱ्याच्या हातात दोन्ही पुस्तिका जवळपास सारख्याच वाटतात. ए-फोर आणि ए-फाइव्ह ही मापे वाईट मुळीच नाहीत; २५ बाय ३६ इंचांचा ताव घेतला तर त्यातून ए-फोरची ८ पाने व्यवस्थित निघतात. म्हणून आराखडा काढण्यापूर्वी छापखान्याला विचारायचा पहिला प्रश्न 'सध्या कुठला ताव आहे?' हाच असावा.

डिजिटल छपाईचा ताव लहान, बहुधा १२ बाय १८ इंचांचा असतो. लग्नपत्रिकेसाठी ग्राहक सवयीने ५ बाय ७ इंचांचे कार्ड मागतात आणि एका तावात अशी चारच बसतात. ४०० कार्डांना १०० ताव लागतात व तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कागद कात्रणात जातो. साडेपाच इंचांचे चौरस कार्ड केले तर एका तावात सहा बसतात आणि ६७ तावांत काम होते. चौरस कार्ड नको असेल तर साडेपाच बाय साडेआठ इंचांचे कार्ड त्याच १०० तावांतून निघते, म्हणजे तेवढ्याच कागदात पत्रिका मोठी मिळते. प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटरची ब्लीड (छाटण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) धरूनही ही दोन्ही मापे बसतात. मात्र चौरस कार्डाला तयार पाकीट सहज मिळत नाही, त्यामुळे पाकिटाची चौकशी करूनच माप नक्की करावे. कार्डात वाचवलेला कागद खास करवून घेतलेल्या पाकिटात घालवण्यात अर्थ नाही.

त्याच सकाळी ग्रेन ओळखायला शिकून घ्यावे. कागदातले तंतू गिरणीत एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने कागद सहज वाकतो आणि सरळ फाटतो. आडव्या दिशेने तो ताठ राहतो आणि वेडावाकडा फाटतो. घडी ग्रेनच्या दिशेने आली नाही तर जाड कार्ड घडीवर तडकते आणि शाई उडून पांढरी रेघ दिसू लागते. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचे वजन) पुढच्या कार्डाला घडीपूर्वी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणे) करून घ्यावेच, पण ग्रेन चुकली असेल तर क्रीजिंगही पुरे पडत नाही.

दुसरी पायरी : कामाची चिठ्ठी

ग्राहक समोर बसलेला असताना संगणक बंद असावा आणि हातात वही असावी. प्रत्येक कामासाठी एक चिठ्ठी भरावी आणि ती काम संपेपर्यंत त्या कामाच्या पाकिटाला टाचून ठेवावी. काम कशासाठी आहे, प्रती किती, वाचणारा ते हातात धरून वाचणार की रस्त्यावरून जाताना, मजकूर कोणत्या भाषांत आहे, प्रत्येक भाषेचे प्रूफ कोण वाचणार आणि शेवटची तारीख कोणती, एवढे प्रश्न बहुतेक स्टुडिओ विचारतात. आणखी एक प्रश्न तुम्ही न चुकता विचारावा : ही वस्तू किती दिवस टिकायला हवी?

या एका उत्तरावर साहित्य ठरते. दुकानाचा फलक दहा वर्षे उन्हापावसात उभा राहणार असतो, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सभेपुरता आणि नंतर कपाटापुरता असतो, तर संमेलनाच्या कमानीचे आयुष्य दोन दिवसांचे असते. असे असूनही दोन दिवसांच्या कमानीसाठी वर्षानुवर्षे न कुजणारा फ्लेक्स मागितला जातो. कर्नाटक शासनाने ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर प्लास्टिकचे बॅनर, फ्लेक्स, पताका आणि झेंडे यांवरही बंदी घातली आहे. देशभर १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरना मनाई आहे. रस्त्यावर फ्लेक्स दिसतात एवढ्यावरून ते चालतात असे समजू नये आणि ग्राहकालाही तसे सांगू नये. मांजरपाटावर स्क्रीन प्रिंटिंग करून घेणे किंवा एखाद्या जुन्या जाणत्या पेंटरकडून अक्षरे रंगवून घेणे हे दोन्ही पर्याय आजही येथे शक्य आहेत, आणि माझ्या मते ते डोळ्यांनाही अधिक समाधान देतात.

बेळगावच्या आसपास येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि दर हिवाळ्यात त्यांच्या निमंत्रणपत्रिका, स्मरणिका व फलकांचे काम स्टुडिओंकडे येते. अशा कामात मुख्य कापडी फलकावर संस्थेचे नाव, गाव आणि 'मराठी साहित्य संमेलन' एवढेच ठेवावे. कितवे संमेलन, साल, तारीख आणि अध्यक्षांचे नाव वेगळ्या पट्टीवर लिहून ती पट्टी खाली बांधावी. मुख्य फलक धुऊन, घडी घालून ठेवला की पुढच्या वर्षी फक्त पट्टी बदलावी लागते. आयोजक मंडळी गावातल्या वर्गणीतून खर्च करत असतात, त्यामुळे ही सूचना त्यांना लगेच पटते असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी : दोन लिप्या, दोन्ही आपल्या

सीमाभागातल्या स्टुडिओचे खरे शिक्षण येथे सुरू होते. एकाच दिवशी मराठी लग्नपत्रिका, कन्नड-मराठी-इंग्रजी फलक आणि दोन भाषांतला अहवाल टेबलावर असतो. ज्याला अक्षरांची काळजी नाही त्याने या गावात डिझाइनचे काम करू नये, असे मी स्पष्ट सांगते.

आधी देवनागरी. जुन्या फायली श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या टंकांत (फॉन्टमध्ये) असतात आणि ग्राहक मोबाइलवरून जो मजकूर पाठवतो तो युनिकोडमध्ये असतो. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना जोडाक्षरे, रफार आणि विशेषतः 'ऱ्य', 'ऱ्ह' ही अक्षरे हमखास बिघडतात. माझ्या दुसऱ्या वर्षी एका पत्रिकेत 'वऱ्हाडी' या शब्दातला 'ऱ्ह' रफाराचा होऊन 'वर्हाडी' असे छापले गेले. प्रूफ मी कागदावर न काढता पडद्यावरच वाचले होते. ३०० जीएसएमची ५०० कार्डे रद्दीत गेली आणि दुसरी ५०० माझ्या पगारातून छापली. तेव्हापासून रूपांतरित मजकुरात मी सर्वप्रथम हीच अक्षरे शोधते. 'ॲ' हे अक्षरही तपासावे, कारण 'अ' ला वेगळा चंद्र जोडून लिहिलेले रूप काही टंकांत सुटे पडते.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालाविषयक निर्णयातही ही मराठी वळणे दिलेली आहेत. पुष्कळ टंकांत मुळात हिंदी वळण येते आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्यावरच मराठी वळण उमटते. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. नव्या फाइलमध्ये ही निवड पहिल्या पाच मिनिटांत करावी. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टंक पुष्कळ संगणकांत सापडतो म्हणून पत्रिकांतही वापरला जातो. तो संगणकाच्या पडद्यावरील वाचनासाठी घडवलेला आहे, छपाईसाठी दुसरा टंक निवडावा. चोरीचे टंक वापरण्याचे आता काही कारण उरलेले नाही. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता', 'बालू' आणि 'अनेक' हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, पारंपरिक ठेवणीच्या मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' आहे, आणि व्यावसायिक कामात ते विनामूल्य वापरता येतात. 'अनेक' या कुटुंबात देवनागरी, कन्नड आणि रोमन तिन्ही लिप्या एकमेकींशी जुळवून घडवलेल्या असल्याने त्रिभाषिक फलकांसाठी मी तोच पहिल्यांदा लावून पाहते.

आता कन्नड. मराठी घरातून आलेल्या नवख्यांची सर्वसाधारण चूक अशी की ते मराठी मांडणी पूर्ण करतात आणि उरलेल्या जागेत कन्नड मजकूर दाबून बसवतात. कन्नड अक्षरे गोल आणि रुंद असतात. देवनागरीची सलग शिरोरेषा ओळीला वरून बांधून ठेवते. कन्नडमध्ये बहुतेक अक्षरांना स्वतःचे वेगळे तलेकट्टू (माथ्यावरची छोटी खूण) असते, त्यामुळे ओळीची वरची कड तुटक दिसते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन, म्हणजे ओत्तक्षर, ओळीच्या खाली उतरते. देवनागरीत मात्रा आणि रफार वर जागा मागतात, कन्नडमध्ये ओत्तक्षरे खाली मागतात. दोन्ही मजकुरांना एकच ओळअंतर दिले तर कन्नड परिच्छेदात एका ओळीची ओत्तक्षरे पुढच्या ओळीच्या माथ्याला टेकतात. म्हणून आधी कन्नड मजकूर लावावा, त्याला पुरेसे अंतर द्यावे आणि मग मराठीचा आकार त्याच्याशी जुळवावा. असे केल्यावर दोन्ही भाषा पानावर सारख्याच मानाने नांदतात.

दुकानांच्या फलकांबाबत कायदा माहीत असलाच पाहिजे. कर्नाटकात कन्नड भाषा सर्वसमावेशक विकास कायदा आहे आणि त्यात २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड असणे आणि ते फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात असणे आवश्यक आहे. फलकाचे माप मिळताच ही जागा पेन्सिलीने आखून घ्यावी आणि उरलेल्या भागात मराठी व इंग्रजी नाव बसवावे. हे काम कौशल्याचे आहे. उरलेल्या जागेतही मराठी नाव ठसठशीत, सुवाच्य आणि देखणे करता येते, आणि ते तसे करणे ही आपली जबाबदारी आहे. आराखडा मंजूर करण्यापूर्वी ग्राहकाने परवाना कार्यालयात तो दाखवून घ्यावा, म्हणजे तयार फलक उतरवून दुसरा करण्याची वेळ येत नाही. अशा रीतीने दोनदा घडवलेल्या पत्र्याइतकी आणि रंगाइतकी नासाडी दुसऱ्या कोणत्याही कामात होत नाही.

कन्नड प्रूफ कन्नड वाचणाऱ्यानेच तपासावे. मोबाइलवरचे भाषांतर थेट छपाईला देऊ नये. स्टुडिओत कोणी नसेल तर शेजारच्या शाळेतल्या बाईंना किंवा ओळखीच्या निवृत्त गुरुजींना योग्य मानधन देऊन हे काम सोपवावे आणि ते मानधन कोटेशनमध्ये आधीच धरावे. जमल्यास तुम्ही स्वतः कन्नड मुळाक्षरे शिकावीत. बस, दुकान आणि शेजार मिळून रोज सराव होतो, त्यामुळे सहा महिन्यांत निदान चुकीचे अक्षर डोळ्याला खटकू लागते.

चौथी पायरी : कल्पना कुठून आणावी आणि किती दाखवावी

सकाळचा पहिला तास फोन आणि निरोपांना देऊ नये. स्टुडिओ झाडून, दिवा लावून, चहा होईपर्यंत ज्या कामात विचार लागतो ते काम कागदावर काढावे. आराखडे वापरलेल्या प्रिंटच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आणि खऱ्या मापात काढावेत. पडद्यावर मोठे करून पाहिलेले नक्षीकाम खऱ्या कार्डावर मुंगीएवढे होते, हे पेन्सिलीने काढताना ताबडतोब कळते.

इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांतून निवडलेली पत्रिका पुण्यातही तशीच असते आणि नागपुरातही. आपल्या गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आठवड्यातून एकदा तासभर खडेबाजार आणि गणपत गल्लीतून चालत जावे आणि एकच गोष्ट पाहायची असे ठरवून निघावे : एखाद्या दिवशी फक्त जुने रंगवलेले फलक, एखाद्या दिवशी कापडाच्या दुकानात टांगलेले गुळेदगुड्डचे खण, त्यांतली बारीक बुट्टी आणि गडद काठ. शहापूर-वडगाव भागात मागांचा आवाज येतो तेथे परवानगी घेऊन साडीच्या काठाची रंगसंगती पाहावी. खानापूरच्या मातीकामात भाजलेल्या लाल-तपकिरी रंगाच्या किती छटा असतात हे मी तेथे प्रत्यक्ष पाहिल्यावरच शिकले, आणि तेव्हापासून पत्रिकेसाठी सोनेरी फॉइलऐवजी तो रंग पुष्कळदा सुचवते. विणकराची नक्षी जशीच्या तशी उचलू नये. तिच्यातले प्रमाण, पुनरावृत्ती आणि दोन रंगांमधले अंतर समजून घ्यावे आणि मग आपले काही काढावे.

ग्राहकाला दोनच पर्याय दाखवावेत. पाच दाखवले की ग्राहक पहिल्याची कडा, दुसऱ्याचा रंग आणि चौथ्याची अक्षरे एकत्र करायला सांगतो. त्यातून निघणारे सहावे काम कोणाचेच नसते आणि त्यात तुमचे तीन दिवस जातात. दोन पर्यायांपैकी प्रत्येकामागचे कारण सांगता आले पाहिजे. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या कोटेशनमध्ये लिहाव्यात आणि तिसऱ्या फेरीचे वेगळे पैसे सांगावेत. नवीन माणसाला हे बोलायला संकोच वाटतो, विशेषतः ग्राहक वडिलांच्या ओळखीचे काका असतील तर. तरीही ते सुरुवातीलाच, शांतपणे आणि लेखी सांगावे. "अक्षर जरा मोठं करा की" असे ग्राहक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला वाचायला त्रास होत असतो. अशा वेळी आकार वाढवण्यापूर्वी आजूबाजूची गर्दी कमी करून पाहावी.

पाचवी पायरी : प्रूफ, छपाई आणि पाऊस

प्रूफ नेहमी कागदावर, खऱ्या मापात काढावे, आणि ज्याने मांडणी केली त्याने ते एकट्याने वाचू नये. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून पाहावे. लग्नपत्रिकेत नावांचा क्रम, मुहूर्त, वार आणि तारीख यांचा मेळ आणि कार्यालयाचा पत्ता घरातल्या थोरांकडून तपासून घ्यावा. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली जाते, ती निर्दोषच असली पाहिजे. शेवटच्या प्रूफवर ग्राहकाची सही आणि तारीख घेतल्याशिवाय फाइल छापखान्यात देऊ नये.

बारीक मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, म्हणजे १०० टक्के 'के' (काळ्या शाईची खूण) असा ठेवावा. चार शाया मिळून केलेल्या काळ्यात प्लेट केसभर सरकली तरी वेलांट्यांना रंगीत सावली येते. छायाचित्रे छपाईच्या मापात ३०० पीपीआयची असावीत. छपाईची फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करावेत (अक्षरे आकृतींत बदलावीत), पण कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपावी, कारण पुढच्या वर्षी तीच संस्था तोच अहवाल नव्या आकड्यांसह मागणार असते.

लॅमिनेशन कमीत कमी सुचवावे. कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा बसला की तो कागद पुन्हा लगद्यात घेणे अवघड होते. अहवालाच्या मुखपृष्ठाला टिकाऊपणा हवाच असेल तर पाण्यावर आधारित कोटिंग होईल का, हे छापखान्याला विचारावे.

जून ते सप्टेंबर हा काळ वेगळा आहे. सह्याद्रीच्या कुशीत असल्याने आपल्याकडची हवा या दिवसांत आठवडेच्या आठवडे ओली असते. कागद दमट हवा शोषतो, ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो आणि त्याच्या कडा लाटेसारख्या होतात. अशा तावावर चार रंग एकावर एक नेमके बसत नाहीत. रीम कामाच्या दिवशीच फोडावी, जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर दूर असावी. शाईही सावकाश वाळते, म्हणून या दिवसांत पावसाळ्यापूर्वीपेक्षा दोन दिवस अधिक मागून घ्यावेत. घाईने गठ्ठा बांधला तर एका कार्डाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. वीज गेल्यावर काम जाऊ नये म्हणून संगणक यूपीएसवर असावेत. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नये, कारण तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

सहावी पायरी : वर्षाचे वेळापत्रक आणि पैसे

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे काम सुरू होते, हिवाळ्यात संमेलने येतात, वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची तयारी असते, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांची माहितीपत्रके, श्रावणापासून गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके आणि त्याच सुमारास पतसंस्थांचे अहवाल. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावून मागच्या वर्षी कोणत्या आठवड्यात कोण आले हे त्यावर लिहावे. पतसंस्थेचा अहवाल ऐन गणेशोत्सवात आदळू नये म्हणून त्यातली न बदलणारी पाने जुलैतच लावून ठेवता येतात. सलग तीन आठवडे रात्री जागून काढलेल्या कामात चुका वाढतात आणि मागच्याच वर्षीच्या कल्पना फिरून येऊ लागतात, हे मी स्वतःच्या नमुन्यांच्या कपाटात पाहिले आहे. तक्त्यावरून गर्दीचे आठवडे आधी कळले तर नवी कामे नाकारता येतात किंवा तारीख पुढे मागता येते. संध्याकाळी सातला काम थांबवून उठण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी.

पैशांबाबत थोडक्यात : निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागद मागवू नये. पुढे स्वतंत्र काम करायचे झाल्यास सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. डिझाइन सेवेवर कर्नाटकातल्या ग्राहकाला ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा हिस्सा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा हिस्सा) लागतो. ग्राहक चंदगड किंवा कोल्हापूरचा असेल तर राज्य बदलते आणि बिलात १८ टक्के आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा कर) येतो. सीमेवरच्या गावात ही चूक सहज होते, म्हणून बिल करताना ग्राहकाचा पत्ता पाहावा.

शेवटची पायरी : काम गेल्यावर

तयार गठ्ठा ग्राहकाकडे गेला म्हणजे काम संपले असे समजू नये. छापखान्याला आधी सांगून ठेवल्यास ते आपल्या कामाची जाड कात्रणे बांधून देतात. साडेतीन बाय दोन इंचांपेक्षा मोठ्या पट्ट्यांतून व्हिजिटिंग कार्डे आणि भेटवस्तूंचे टॅग निघतात, लांब पट्ट्यांतून पुस्तकखुणा होतात, आणि एका बाजूने कोऱ्या पानांना टाचून स्टुडिओच्या वह्या करता येतात. उरलेली रद्दी लॅमिनेशनची वेगळी आणि साध्या कागदाची वेगळी ठेवावी. एकत्र केल्यास सगळीच कमी मोलाने जाते. रिकामी टोनरची डबडी, बिघडलेले माउस आणि यूपीएसच्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नयेत. बॅटरी नवी घेताना जुनी त्याच दुकानात परत द्यावी आणि बाकी वस्तू साठवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे एकदम सोपवाव्यात.

त्यानंतर मूळ फाइल, छपाईची फाइल, वापरलेले टंक आणि सही झालेल्या प्रूफचे छायाचित्र एकाच फोल्डरमध्ये ठेवून फोल्डरला साल, महिना आणि ग्राहकाचे नाव द्यावे. त्याची एक प्रत स्टुडिओबाहेरच्या डिस्कवर ठेवावी. शेवटी छापील कामाची एक प्रत घ्यावी आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने ताव कोणता होता, एका तावातून किती निघाले, कागद किती जीएसएमचा, किती ताव वाया गेले आणि कोणती चूक कोणाच्या नजरेला आली हे लिहून ती नमुन्यांच्या कपाटात लावावी. पुढच्या वेळी तसेच काम आले की संगणक सुरू करण्यापूर्वी ती प्रत काढून पाहावी.